मुक्कामाची सोय आहे

वाद पेटला तो पाटीवरून. ‘घरगुती जेवण. मुक्कामाची सोय आहे.’ फाटकाशेजारी निळ्या रंगात रंगवलेली एवढीच अक्षरं. पाटी लावली भाचीने आणि वाचली मामांनी. मामा वाळवा तालुक्यातले, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. स्वतः शिकले ते रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून. भाची जावळी तालुक्यात दिलेली. कासवरून बामणोलीला उतरणाऱ्या रस्त्यालगत तिचं सासर. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी, सासू घरी, दोन म्हशी, थोडं भात-नाचणीचं रान आणि माडीवरच्या खोल्या. त्या खोल्या आता ती पर्यटकांना देते. दोघं आळीपाळीने मला साक्षीला ओढत होती, म्हणून हे लिहून काढतोय.

मामा : दारात आलेल्याला भाकरी घालायची आणि वर पैसे मोजून घ्यायचे. आपल्यात हे कुणी केलं नव्हतं बाई.

भाची : आपल्यात शनिवारी रात्री अकराला पुण्याहून तीन गाड्या भरून कुणी आलंही नव्हतं, मामा. पाव्हणा आला की असेल ते आपण वाढतो. ही माणसं आधी फोनवर विचारतात, कोंबडी गावरानच आहे ना? संडास कमोडचा आहे का? गरम पाणी किती वाजता मिळेल? एवढं विचारणाऱ्याकडून पैसे नको घ्यायला?

मामा : मग खाणावळ काढली म्हण की सरळ.

भाची : म्हणते की. लाज कसली त्यात?

मामांना पैशाचं वावडं आहे अशातला भाग नाही. कारखान्याचं उसाचं बिल कधी जमा होणार ते त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचा राग वेगळाच होता. तो चहा संपता संपता बाहेर आला.

मामा : हे लोक दोन दिवस येतात. बैलाच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात, चुलीपुढे बसून काढतात, आणि ‘गावाकडचं आयुष्य किती निवांत’ म्हणून निघून जातात. नांगर दिसतो, सोसायटीचं कर्ज दिसत नाही. गवा रात्रीत नाचणी तुडवून जातो ते दिसत नाही. गावात राहायचं तर काम करून राहायचं. आम्ही बोर्डिंगात राहिलो तसं.

बोर्डिंग हा मामांचा हुकमाचा पत्ता. तो पडला की समोरचा गप्प होतो, कारण सातारा-सांगलीत त्याला उत्तर नसतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ साली, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात. पण त्याच्या आधी, १९१०च्या सुमाराला, सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी मुलांच्या राहण्याजेवणाची सोय उभी केली होती. पुढे १९२४ साली संस्था साताऱ्यात आली, वसतिगृह सुरू झालं, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला. शिधा घरून आणायचा, झाडलोट आपणच करायची, स्वयंपाक आळीपाळीने, संस्थेच्या रानात राबायचं आणि त्यावर शिकायचं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊराव स्वतः कधी काळी किर्लोस्करांचे आणि कूपरांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. त्या फिरतीत त्यांना दिसलेलं दारिद्र्य आणि त्या वसतिगृहाची शिस्त ही एकाच धाग्यातली. मामा त्या वसतिगृहात आले ते भाऊराव गेल्यानंतर. पण शिस्त तीच होती. पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, मग खुरपं.

मामा : पाच वाजता उठवायचे. कुणी ‘ब्रेकफास्टला काय आहे’ म्हणून विचारलं नाही कधी.

भाची : तुम्ही शिकायला गेला होता, मामा. हे दमून येतात. दोघांना एकच घंटा कशी लागू पडेल? आणि एक सांगू? त्या पंगतीचं तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. मला वाटायचं, ते झालं, संपलं, आता असलं काही राहिलं नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडे पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? आडनाव काय म्हणून. आडनावावरून काही कळेना, तर म्हणाल्या, गाव कुठलं विचार. स्वयंपाकघरात कुणाला बसवायचं आणि पडवीत कुणाला, ते ठरवायचं होतं त्यांना.

मामा : (जरा थांबून) मग?

भाची : मग काय. मोसमात एका वेळी दहा-दहा माणसं. कुणाकुणाचं गाव विचारत बसणार? भाकऱ्या थापायच्या की चौकशा करायच्या? आता चुलीपुढे जो येऊन बसेल तो बसतो. सासूबाईच त्याला पाट सरकवतात. तुमच्या कर्मवीरांना हे बोर्डिंग काढून करावं लागलं. माझ्याकडे ते फोनवरच्या बुकिंगने झालं.

मामा यावर काही बोलले नाहीत. मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच होता, आणि तो भाकरीच्या पिठात हात असताना निघाला. जात मोडली असं ती म्हणत नाही. स्वयंपाकघराचा उंबरा तेवढा खाली आला असं म्हणते. लग्नं अजून आडनाव बघूनच होतात.

पण ‘दमून येतात’ हे मामांच्या डोक्यात राहिलं होतं.

मामा : आणि तू दमत नाहीस?

इथे भाचीने जे सांगितलं ते पाटीवर लिहिता येत नाही. कासच्या या बाजूला पाऊस सुरू झाला की दिवसचे दिवस ऊन पडत नाही. पाहुण्यांना चादर मात्र रोज धुतलेली लागते. ती वाळवायची कुठे? पडवीत दोरी बांधली तर धुक्याने आणखी ओली होते. म्हणून चुलीच्या वर, आढ्याला दोरी बांधून चादरी टांगायच्या. रात्रभर निखारे धुमसत ठेवायचे. सकाळी चादर सुकलेली असते, पण तिला धुराचा वास लागतो. मग पाहुण्यांतली एखादी बाई चादर नाकाशी नेते आणि विचारते, ही धुतली आहे ना नक्की? भाची पहिल्यांदा रडली होती म्हणे. आता ती हसून सांगते, धुतलीये, आमच्या चुलीवर शेकलीये. काही जणांना ते इतकं आवडतं की चादरीचाच फोटो काढतात. ती म्हणाली, ‘त्या वासाचे ते पैसे देतात आणि त्याच वासाची तक्रारही करतात. दोन्ही ऐकायचं.’

आणि भाकरी. नाचणीची भाकरी हातावर पेलत नाही, काठवटीत पाण्याचा हात लावत हलके हलके थापावी लागते; जरा घाई केली की कडेने चिरते. तवा, मग निखाऱ्याला उभी. पंधरा माणसांना माणशी दोन धरल्या तरी तीस. शेजारच्या दोघी मदतीला येतात, त्यांना दिवसाचा रोज मिळतो. दूध, अंडी वाडीतलीच. बामणोलीचा होडीवाला वासोटा किल्ल्याला नेऊन आणतो, त्याचे त्याला. किल्ल्यावर मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे संध्याकाळी सगळे काठावर परत, आणि काठावर परत म्हणजे कुणाच्या तरी घरी जेवायला.

मामा : ते सगळं खरं. पण ज्या पाण्याकडे तोंड करून तू त्यांना खुर्च्या टाकून देतेस, त्या पाण्याखाली काय आहे ते सांगतेस का त्यांना?

भाची : मला सांगता होय? सासूबाईंचं माहेरचं घर आहे त्या पाण्याखाली. त्या पाळण्यात होत्या तेव्हा उठवलं त्यांना.

कोयनेचं धरण साठच्या दशकात उभं राहिलं. त्याचा शिवसागर जलाशय भरला तशी या खोऱ्यातली गावं उठली. कुणी वर सरकलं, कुणाला घाटाखाली नेऊन बसवलं, आणि कितीतरी घरांचा एक पाय कायमचा मुंबईत गेला. सांगलीच्या टोकाला वारणेवर चांदोलीचं तेच झालं. आधी धरण, मग १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान; आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाणी गेलं, रान गेलं, राहिलेल्या रानात गवा आणि डुक्कर. मग त्या गावातल्या बाईने माडीवर खोल्या काढल्या तर तिला नाव ठेवायचं कुणी? मामांच्या बाजूलाही वेगळं काय आहे? विटा-आटपाडीकडची घरं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलीत, सोनंचांदी गाळतात. गावात टोलेजंग बंगले बांधलेत, उघडतात यात्रेला.

मामांनी तरीही एकदा वाळवा-कडेगावची बाजू लढवून पाहिली.

मामा : निसर्गच बघायचा तर सागरेश्वर बघ. उघडा डोंगर होता. धों. म. मोहित्यांनी माणसं जमवली, झाडं लावली, जगवली, आणि १९८५ साली अभयारण्य करून घेतलं. सांबर, चितळ, काळवीट, सगळं आहे. खाली देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. सकाळी जायचं, बघायचं, डबा खायचा, संध्याकाळी घरी. गावाला त्रास नाही.

भाची : आणि गावाला फायदाही नाही. डबा घरचा, पाण्याची बाटली वाटेतली. अशानं देवराष्ट्र्यातल्या बाईच्या हाती काय लागतं? माणूस रात्री थांबला तरच चार पैसे गावात उरतात, मामा. गाडी थांबली आणि गेली, की धूळ.

हे तिचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पुण्या-मुंबईच्या गाड्या शनिवारी सकाळी कासला येतात, दुपारी साताऱ्याला उतरतात, कंदी पेढे घेऊन जातात. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून सप्टेंबरातली गर्दी वाढतच गेली. आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर तिथली व्यवस्था बघतात, शुल्क घेतात, रोज किती माणसं सोडायची त्यालाही मर्यादा आहे. मधे पठाराला जाळीचं कुंपण घातलं होतं. गुरं आत जायची थांबली, गवत माजलं, आणि फुलं कमी झाल्याची तक्रार गावकरीच करू लागले. शेवटी ते कुंपण काढलं. सीतेची आसवं आणि तेरडा गुरांच्या खुरांशी जमवून घेऊन शेकडो वर्षं फुलत आलेत, हे म्हशी राखणाऱ्या पोरांना आधीपासून ठाऊक असावं.

इथे मी तोंड घातलं. म्हटलं, तुम्ही दोघं भिलारला गेलाय का?

पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना उजवी-डावीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे लागतात, त्या पट्ट्यातलं हे गाव. ४ मे २०१७ला राज्य सरकारने तिथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केलं. काम बघते राज्य मराठी विकास संस्था. सुरुवात झाली पंचवीस ठिकाणांनी आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकांनी. ग्रंथालयाची नवी इमारत बांधली नाही. लोकांनी आपापल्या घरातल्या, देवळातल्या, शाळेतल्या जागा दिल्या. सरकारने कपाटं, टेबलं, खुर्च्या दिल्या. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे मुलांची पुस्तकं, कुठे दिवाळी अंक. कुणीही यावं, बसावं, वाचावं. वाचण्याचे पैसे नाहीत. कल्पना घेतली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. पण ते गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं. तिथे पुस्तक विकत घेतात आणि घेऊन जातात. भिलारला पुस्तक घरातच राहतं आणि वाचणारा येतो. राहायचं तर गावातच खोल्या मिळतात, त्यांचे पैसे वेगळे.

मला भिलारचं आवडतं ते हे, की तुम्ही एखाद्याच्या ओसरीत कादंबरी वाचत बसलेले असता आणि घरातली कामं तुमच्या अंगावरून चालू असतात. कुणी स्ट्रॉबेरीची खोकी भरतंय, पोरगा दप्तर टाकून पळतोय, आजी वाळवण राखतेय. तुमच्यासाठी कुणी थांबत नाही. तुम्हाला बघायला मिळावं म्हणून कुणी जुना नांगर भिंतीला टांगत नाही.

भाची : आवडलं असतं मला तसं. पण मामा, पुस्तकं वाचायला देऊन माझ्या पोरीची फी भरते का?

मामा : तिथेही अर्धे लोक कपाटापुढे फोटोच काढत असणार, लिहून देतो.

दोघांनीही भिलारला न जाता दोन दिशांनी नकार दिला. मामांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, मीही तसे फोटोवाले पाहिलेत. पण फोटो काढणाऱ्यांच्या पाठीमागे एक मुलगा दोन तास मान वर न काढता वाचत बसला होता, तोही पाहिलाय.

पुढचा भाग मला अपेक्षित नव्हता. बोलता बोलता विषय ‘नवीन महाबळेश्वर’ या नियोजित गिरिस्थानावर गेला. राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचे अधिकार देऊन २३५ गावांचा आराखडा केला आहे. पाटणची ९५, महाबळेश्वरची ६०, जावळीची ४६, साताऱ्याची ३४. भाचीचं गाव त्यात धरलंय म्हणतात.

मामा : बघ. तू तीन खोल्या काढल्यास, आता तीनशे खोल्यावाले येतील. वाट तुम्हीच दाखवली.

भाची : मी वाट दाखवली? वाट तर धरणानेच दाखवली होती. आणि तीनशे खोल्यावाला आला तर पहिली मी बुडणार आहे, तुम्ही नाही. वाडीत शिवार विकत घ्यायला माणसं फिरतायत. ज्यांची घरं मुंबईत आहेत ते विकतायत. तो रिसॉर्टवाला माझ्या शेजारणीकडून भाकऱ्या घेणार नाही; साताऱ्याहून गाडी भरून आणेल. शेजारीण मग तिथे भांडी घासायला जाईल, ती आज माझ्याकडे हक्काने येते ती.

मामा : म्हणजे तुझंही म्हणणं तेच, की बाहेरच्यांनी येऊ नये.

भाची : येऊ दे की! पण माझ्या घरी येऊ दे. माझ्या जागेवर नको.

मामा बराच वेळ मान हलवत राहिले, होकाराची की नकाराची ते कळेना. मग त्यांनी मास्तराच्या सवयीने नियम घालून द्यायला सुरुवात केली. रात्री दहाला गाणी बंद. दारू नाही. ज्याला जमेल त्याने गोठ्यात एक तास मदत करायची, नाही जमलं तर निदान ताट उचलून ठेवायचं. भाचीने पहिल्या दोन गोष्टी आधीपासूनच केल्या होत्या. तिसरीवर ती म्हणाली, ‘ताट उचला म्हटलं तर पुन्हा येतील का?’ मामा म्हणाले, ‘जे उचलतील ते येतील. बाकीच्यांना तीनशे खोल्या आहेतच.’

मी कुणाच्या बाजूचा, असं दोघांनीही विचारलं. सरळ सांगतो, मी भाचीच्या बाजूचा आहे. सरकारने २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, न्याहारी-निवासाची योजना आधीपासून आहे. कागद बरे आहेत. पण कागदावर हे दिसत नाही की घरमालकीण त्या घरात राहते की नाही. ती राहत असेल, तिच्या म्हशी आणि तिची नाचणी चालू असेल, तर पाहुणा तिच्या घड्याळाने वागतो आणि पैसे वाडीत राहतात. ती साताऱ्याला फ्लॅटमध्ये आणि खोल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात, असं झालं की ते हॉटेल. मग वर कौलं असोत नाहीतर स्लॅब. मामांच्या बोर्डिंगातून मी एवढीच गोष्ट उचलेन : राहायला येणाऱ्याने घराची शिस्त पाळायची, घराने त्याची नाही.

तर पुढच्या खेपेला कास-बामणोलीला, भिलारला किंवा शिराळ्याच्या बाजूने चांदोलीला जाणार असाल, तर खोली ठरवताना कमोड आणि वायफायच्या आधी एक विचारा : घरचे लोक तिथेच राहतात ना? हो म्हणाले तर जा. शनिवार-रविवार टाळून जा, किती माणसं जेवायला आहेत ते आदल्या दिवशी फोनवर कळवा, आणि चादरीला धुराचा वास आला तर ती धुतलेलीच आहे असं समजा.